मंगळावर भरून ठेवलेलं पाणी

मी मंगळावर राहून आले असं सांगितलं, की आमच्या कॉलनीतल्या बायका आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकींकडे. रिटायर झाल्यावर बाईंचं हे असं झालं, हा भाव त्यांच्या डोळ्यांत स्वच्छ दिसतो. म्हणून आता मी घाईघाईनं पुढचं वाक्य जोडून टाकते. खरा मंगळ नाही हो, अमेरिकेतला! यूटा नावाच्या राज्यात आहे. तिथे जायला रॉकेट लागत नाही, विमान आणि भाड्याची गाडी पुरते. पण पोचल्यावर मात्र हेल्मेट घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

२००४ चा मार्च महिना. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मृणाल ओहायोत पीएच.डी. करत होती आणि मी तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. कोलंबस शहराला लागून डब्लिन नावाचं उपनगर आहे, तिथे ती राहायची. सुंदर घरं, सुंदर गवत, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिल्या आठवड्यातच मला भिंतींशी बोलायची सवय लागली. मृणाल सकाळी लॅबला जायची ती अंधार पडल्यावर यायची. तिचा विषय असा, की मंगळावर आहे तसल्या खारट मातीत खाण्याजोगं काही उगवेल का? तिचे गाइड सर म्हणाले होते मुळा लाव, लेट्यूस लाव. हिनं हट्टानं मेथी घेतली. मेथी लवकर येते आणि थोडं खारट सोसते, असं तिचं म्हणणं. लॅबमधले दोन प्रयोग फसल्यावर सरांनी सांगून टाकलं, की आता एकदा फील्डवर करून बघ. तिथेही जमलं नाही तर हा विषय सोडायचा आणि नवा घ्यायचा. म्हणजे पोरीची दोन वर्षं मातीत.

हे फील्ड म्हणजेच यूटाचा मंगळ. तिथल्या वाळवंटात काही हौशी लोकांनी पत्र्याचं एक गोल दुमजली घर बांधलंय. पाच-सहा जणांनी दोन आठवडे त्यात मंगळावर असल्यासारखं राहायचं. मृणालची पाळी आली होती आणि ऐनवेळी त्यांच्यातला एक जण पाय मोडून घरी बसला. त्याच्या जागी कुणी शिक्षक मिळाला तर बरं, अशी मेल आली.

“मावशी, तू शिक्षिका आहेस ना?”

“होते. आणि माझे गुडघे दुखतात.”

“मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी असतं.”

“यूटात?”

ती हसत सुटली. मी मात्र ते हसू बघून हो म्हणून बसले, कारण बऱ्याच दिवसांत ती अशी हसली नव्हती.

लाल डोंगर आणि माझी टिकली

खानदेशातल्या उन्हाळ्याची सवय असलेली बाई मी, ओसाड जमीन मला नवी नाही. पण यूटाचं ते माळरान बघून मी गाडीतच गप्प झाले. डोंगर तांबडे, त्यात पांढरे आणि जांभळट पट्टे. झाड नाही, गवताची काडी नाही, तारेचं कुंपण नाही, की लांबवर एखादी शेळी नाही. मृणाल म्हणाली, “बघ, इथे एकेकाळी समुद्र होता. मीठ त्याचंच आहे.” त्या वर्षी खऱ्या मंगळावर दोन छोट्या गाड्या फिरत होत्या आणि त्यांनी पाठवलेले फोटो रोज टीव्हीवर यायचे. मला तर हा देखावा त्याच फोटोंतून उचलून आणल्यासारखा दिसला.

आमचा कमांडर वॉल्ट. टेक्सासचा, निवृत्त इंजिनियर, पांढऱ्या मिशा, आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरचा. दुसरा बेन, यंत्रं सांभाळणारा, सदा आनंदी. आणि सेलीन, फ्रान्सची, दगडांचा अभ्यास करणारी, हिचे केस कमरेपर्यंत. मृणाल आणि मी धरून पाच. वॉल्टनं नियम वाचून दाखवले. बाहेर जायचं तर सूट घालायचा, मधल्या छोट्या खोलीत दार बंद करून थांबायचं, मगच बाहेरचं दार उघडायचं. पाणी टाकीत आहे तेवढंच, पुढचा ट्रक येईपर्यंत जपून वापरायचं. आंघोळ एक दिवसाआड, तीही झटपट. मला स्वयंपाक दिला, कारण बाकीचे सगळे पाकिटातलं खाऊन कंटाळणार हे त्यांनाच ठाऊक होतं.

सूट मी पंजाबी ड्रेसवरच चढवला. हेल्मेट म्हणजे बरणीच, आत पंख्याची घरघर. घालताना माझी टिकली निसटली आणि नेमकी आतल्या काचेवर जाऊन चिकटली. हात आत जाईना, हेल्मेट काढायची परवानगी नाही! त्यामुळे माझा पहिला मंगळफेरा असा झाला, की जिथे बघावं तिथे क्षितिजावर एक मरून ठिपका. बेनला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला. वॉल्ट रेडिओवर म्हणाला, “कृपया शिस्त पाळा.”

कुकरची शिट्टी

पहिल्याच संध्याकाळी मी डाळ-भाताचा कुकर लावला. माझा स्वतःचा, मृणालच्या सामानात कपड्यांत गुंडाळून आणलेला. पहिली शिट्टी झाली आणि वरच्या मजल्यावर धावपळ. वॉल्ट ओरडतोय, बेन एका पायात सूट अडकवून लंगडी घालतोय. घरातली हवा गळायला लागली, असं त्यांना वाटलं. मृणाल “नाही, नाही, डिनर आहे!” म्हणत मध्ये आडवी पडली तेव्हा कुठे सगळे शांत झाले.

पण त्या कुकरवरून जेवताना छान गप्पा झाल्या. तीस वर्षं मी मुलांना भूगोलात एक वाक्य शिकवलं, की सजीवसृष्टी असलेला ज्ञात ग्रह एकच, पृथ्वी. परीक्षेतल्या रिकाम्या जागेतही तेच विचारलं. पण का, हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही फार खोलात गेले नाही. मृणालनं कुकरकडे बोट केलं.

“मावशी, आत दाब वाढतो म्हणून शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी पाणी पाणीच राहतं. बरोबर? मंगळावर याच्या उलट. हवा इतकी विरळ, की पातेलंभर पाणी उघड्यावर ठेवलंस तर ते गार असतानाच उकळायला लागेल आणि उरलेलं गोठून जाईल. आमच्या भाषेत राहण्याजोगा ग्रह म्हणजे आधी एवढंच, जिथे पाणी पाणी म्हणून टिकतं. सूर्यापासून बेताचं अंतर हवं आणि अंगावर पुरेशी हवा हवी.”

“एवढंच? मग माणसांचं काय?”

“माणसं फार पुढची गोष्ट. एखादा जंतू तग धरून राहिला तरी आम्ही नाचू.”

सेलीननं तिसऱ्यांदा वरण वाढून घेतलं. वॉल्टनं एकदाच घेतलं, पण ताट पुसून खाल्लं, हे मी बघितलं.

मेथी जळते

घराला जोडून प्लास्टिकचं एक हरितगृह होतं. टेकडीची लाल माती मृणालनं चाळणीनं चाळून ट्रेमध्ये भरली, भिजवलेली मेथी पेरली आणि ती दिवसातून दहादा आत जाऊन बघायला लागली. कोंब आले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी कोंबांची टोकं पिवळी पडली, मग तपकिरी, आणि मातीवर पांढरी साय धरली. मिठाची.

पोरगी जेवेना. ताटासमोर बसायची आणि भात चिवडायची.

“अगं, माती धुवून घे ना,” मी म्हटलं. “तांदूळ धुतो तशी, दोन-तीन पाण्यांनी.”

“ते मला माहितेय गं, मावशी! पाणी कुठून आणू? माझ्या वाट्याचं मी सगळं वापरलं. माती धुवायला टाकीच्या टाकी लागते. आणि मंगळावर पाणी ओतून शेती करता आली असती तर मला इथे कोण बोलावणार होतं?”

“वॉल्टला विचार की.”

“नको. तो आधीच मला लहान मुलगी समजतो.” आणि तिचे डोळे भरून आले. “आईला काय सांगू, मावशी? तिला वाटतं मी पुढच्या वर्षी डॉक्टर होणार.”

मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

टाकी गळते

त्याच सुमारास वॉल्टच्या तोंडचं पाणी पळालं. टाकीचा काटा हिशेबापेक्षा भलताच खाली गेला होता. कुठेतरी गळती आहे, दुसरं काय असणार? सकाळी वॉल्ट, बेन आणि मी सूट घालून बाहेर पडलो. मी कशाला, तर हेल्मेटमुळे पाइपाला कान लावता येत नाही, म्हणून एकानं एका टोकाला ठोकायचं आणि दुसऱ्यानं हात लावून बघायचं, असं काहीतरी बेनचं शास्त्र होतं. मी मनापासून ठोकत होते. ऊन कोवळं, लाल मातीवर आमच्या तिघांच्या लांबच लांब सावल्या, आणि हेल्मेटात माझाच श्वास. खरं सांगते, मला फार मजा येत होती. पाइपाखालची माती मात्र सगळीकडे ठणठणीत कोरडी.

दुपारच्या जेवणाला वॉल्ट उभा राहिला. चेहरा असा, की कुणी गेलंय. गळती सापडत नाही, ट्रक यायला अवकाश आहे, तेव्हा आजपासून पाणी निम्मं.

त्याची ती काळजी मला बघवेना. मी म्हटलं, “वॉल्ट, तुम्ही मुळीच घाबरू नका. पाणी आहे आपल्याकडे. मी भरून ठेवलंय.”

मी उठले आणि एकेक दाखवायला लागले. ओट्याखाली दोन पातेली, वर ताटल्या झाकलेली. पिठाच्या पोत्यामागे बादली. जिन्याखाली दोन टब. माझ्या बंकखाली ओळीनं बाटल्या, वाडगे, आणि कुकरचं भांडंसुद्धा. आमच्या गावी नळाला पाणी एक दिवसाआड येतं, तेही तासभर. पाणी आलं की आधी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, मग चहा. हा माझा चाळीस वर्षांचा नेम. इथे नळ उघडला आणि धार आली, म्हणताना हात आपोआप चालले. बरं, रोज नवं पाणी आलं की आदल्या दिवशीचं शिळं म्हणून भांडी घासायला काढायचं आणि ताजं भरायचं, हेही रीतसर चालू होतं.

वॉल्टनं मृणालकडे बघितलं. “हे तुम्हाला दिसलं नाही?”

मृणाल गोरीमोरी झाली. “दिसलं. रोज दिसत होतं. पण... आमच्याकडे घर असंच दिसतं.”

बेननं तोंडावर रुमाल धरला. भरल्या भांड्यांच्या घरात काही चूक असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सेलीन हळूच म्हणाली, “एक दिवसाआड पाणी? आणि तुम्ही तिथे राहता?”

“राहतो म्हणजे? लग्नं होतात, गणपती बसतात, उन्हाळ्यात पापड वाळतात. झकास राहतो!” मी जरा फणकाऱ्यानंच बोलले. लाज वाटली की माझा आवाज चढतो.

आणि मग वॉल्ट हसला. पहिल्यांदा. मिशीतल्या मिशीत, पण खांदे हलत होते. हसून झाल्यावर म्हणाला, हे सगळं परत टाकीत ओतता येणार नाही. उघड्या भांड्यांतलं पाणी टाकीत घालायचं नाही, हा नियम. आता हेच पाणी आंघोळीला आणि भांड्यांना पुरवायचं.

तेव्हा मृणाल उभी राहिली.

“मला हे पाणी हवंय. मातीसाठी. सगळं.”

तिनं सांगितलं. मीठ कसं धुऊन निघेल, खऱ्या मंगळावर तेच पाणी मीठ काढून पुन्हा कसं वापरता येईल, नाही निघालं तर काय होईल, सर काय म्हणालेत, सगळं. आणि हेही सांगितलं, की दिलंत तर ट्रक येईपर्यंत कुणालाच आंघोळ मिळणार नाही.

“पाणी सगळ्यांचं आहे,” वॉल्ट म्हणाला. “ज्यानं त्यानं सांगावं.”

बेनचा हात आधी वर. माझा तर होताच. सेलीननं आपल्या त्या लांब केसांवरून हात फिरवला, फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि हात वर केला. राहिला वॉल्ट. तो भांड्यांच्या त्या रांगेकडे बघत होता.

“ती मेथी खाता येते?”

“येते.”

“मग घ्या.”

तिसरं पाणी

दुपारभर आम्ही माती धुतली. ट्रेच्या तळाला भोकं पाडली, वरून पाणी सोडलं, खालून निघेल ते बादलीत धरलं. पहिलं पाणी मी बोटानं चाखून बघितलं तर थेट समुद्र. मृणाल पेनासारखं एक यंत्र बुडवून खारटपणाचा आकडा बघायची आणि ओठ चावायची. दुसऱ्या पाण्याला आकडा थोडा उतरला. तिसऱ्या पाण्याला ती “मावशी!” म्हणून किंचाळली आणि ओल्या हातांनीच माझ्या गळ्यात पडली. बेन भांडी आणून देत होता. वॉल्ट प्रत्येक रिकामं भांडं मोजून ओट्यावर पालथं घालत होता, कारण मी पुन्हा भरीन अशी त्याला खात्री होती.

मग पुन्हा पेरणी. पुढचे दिवस आमच्या घराला जो वास होता त्याचं वर्णन मी करणार नाही. बेन म्हणे, मंगळाला वास असतो हा शोध आपला. सेलीननं केसांना माझ्याकडून खोबरेल लावून घेतलं, घट्ट वेणी घालून घेतली आणि आरशात बघून आपण माझ्या नात्यातल्या वाटतो असं जाहीर केलं. ताटल्या आम्ही ओल्या फडक्यानं पुसायचो. ते बघून माझी आई वर बसून काय म्हणत असेल, असं रोज मनात यायचं. तरी घरात कधी नव्हे इतकं हसणं चालू होतं. रात्री जेवताना वॉल्ट स्वतः विचारायचा, आज शिट्ट्या किती?

आणि मेथी आली! आधी मान वाकवलेले कोंब, मग त्यांनी ताठ होऊन डोक्यावरची टरफलं झटकली आणि जोडीजोडीनं पानं उघडली. टोकं हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. तिसऱ्या दिवशी मृणालनं फोटो काढून सरांना पाठवले आणि उत्तर येईपर्यंत काही खाल्लं नाही. उत्तर दोन ओळींचं होतं. विषय चालू ठेव, आणि हे पाणी कुठून आलं ते सविस्तर लिही.

“सविस्तर!” ती म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

निम्मी रोपं कापून, वजन करून तिनं कागदात वाळत घातली. ती अभ्यासाची. बाकीच्यांतली चार-चार पानं प्रत्येकाच्या भातावर आली. वॉल्टनं डोळे मिटून चावली. “कडू आहे,” म्हणाला. आणि ताटली पुढे केली.

दार

शेवटच्या दिवशी सकाळी वॉल्टनं मंगळ संपल्याचं जाहीर केलं आणि मधल्या खोलीची दोन्ही दारं एकदम उघडली. दोन आठवडे जे करायचं नाही म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच. समोर लख्ख उजेड. आणि गंमत बघा, आमच्यातलं कुणीच पाऊल उचलेना. माझा हात हेल्मेट शोधत गळ्याशी गेला. सेलीननं तर चक्क श्वास रोखून धरला होता.

मृणाल पहिली निघाली, उरलेल्या मेथीचा ट्रे छातीशी धरून. हरितगृहात जन्मलेली ती रोपं. वारा काय असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बाहेर पडताच झुळूक आली आणि सगळीच्या सगळी आडवी झाली. “अगं बाई!” म्हणत मी पदर नसताना पदर शोधला. मृणाल पाठमोरी वाकून त्यांना आडोसा करायला लागली. मग थांबली. हळूहळू बाजूला सरकली. रोपं लवली, उठली, पुन्हा लवली, आणि डोलत राहिली.

मी बाहेर आले. वारा गालांना लागला, कानांत शिरला, केस विस्कटले. कुठल्यातरी रानझुडपाचा कडसर वास आला. आधी इथे फिरताना मला काडी दिसली नव्हती, आणि वास तर काचेआड कधी आलाच नव्हता. पंख्याची घरघर नाही, गळ्याशी पट्टा नाही, कुठला काटा बघायचा नाही. मी तोंड उघडून श्वास घेतला. मग आणखी एक घेतला. कुणी हिशेब मागितला नाही. तीस वर्षं मी ज्या ग्रहाचं नाव रिकाम्या जागेत भरायला लावलं, तो माझ्या नाकातून आत जात होता, आणि मला एकदम इतकं रडू आलं की मला माझंच हसू आलं.

“मावशी,” मृणाल ओरडली, ट्रे डोक्यावर धरून गोल गोल फिरत, गालांवर पाणी आणि तोंडभर हसू, “अगं, हे सगळं फुकट आहे! सगळं फुकट!”

वॉल्टनं टोपी काढली आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. आम्हाला न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, पण गाडीत बसायला कुणी तयार होईना.